घरी आणणारं बटण

आमच्या ड्रोनच्या रिमोटवर एक बटण आहे. त्यावर एक छोटा बाण काढलाय. ते दोन सेकंद दाबून धरलं की ड्रोन जिथून उडाला तिथे आपला आपण परत येतो, खाली उतरतो आणि पंखे बंद करतो. माणसाने नुसतं बघत उभं राहायचं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या वेस्ट विंडसरच्या घरामागे हा ड्रोन रोज संध्याकाळी उडाला, आणि माझ्या नवऱ्याने, गुरुनाथने, ते बटण एकदाही दाबलं नाही.

मी पाळत ठेवून होते असं कुणी समजू नये. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणाकडे उघडते आणि मी त्या वेळी पोळ्या करत असते, त्यामुळे दिसायचं ते दिसायचंच. ड्रोनला वर जायला दहा सेकंद लागत. तळ्यावरून चक्कर मारून यायला दहा मिनिटं. आणि मग सुरू व्हायचं उतरवणं. अंगणाच्या मधोमध परातीएवढं एक नारिंगी कापड पसरलेलं असायचं, त्यावर पाय टेकवायचे. ड्रोन खाली यायचा, डावीकडे सरकायचा, वर जायचा. पुन्हा खाली, उजवीकडे, पुन्हा वर. बॅटरी संपत आली की रिमोट बोंबलायला लागायचा आणि त्याच्या जोडीला मी.

"अरे, बटण दाब ना ते."

"थांब गं."

"आपोआप उतरतो म्हणून तर अनिकाने एवढा चांगला घेऊन दिला."

"आपोआप उतरला तर मी काय केलं?"

हे संभाषण मी इतक्या वेळा केलंय की पोळी न करपवता करता यायला लागलं होतं. जुलैत त्याने माझ्या टोमॅटोचे दोन शेंडे उडवले. ऑगस्टमध्ये कुंडीतला गवती चहा अर्धा कापला आणि मला म्हणाला की तसाही तू तो कापणारच होतीस. पंख्यांची पाती तीन वेळा बदलून झाली. शेजारच्या आजोबांनी आधी कौतुकाने हात हलवला, मग नुसता हात हलवला, मग ते त्या वेळी बाहेर बसायचेच बंद झाले.

ड्रोन आमच्या मुलीने दिला, बाबा रिटायर झाला म्हणून. अनिका बॉस्टनला आर्किटेक्ट आहे. साइटवर ड्रोन वापरतात, म्हणून तिला त्यातलं कळतं. पहिल्या दिवशी तिनेच ते बटण दाबून दाखवलं. रिमोट टुक टुक वाजायला लागला, ड्रोन सरळ उंच गेला, डोक्यावर आला आणि शहाण्या मुलासारखा कापडावर येऊन बसला. मी टाळ्या वाजवल्या. गुरुनाथ म्हणाला, "ठीक आहे." त्या ठीक आहेमध्येच मला पुढचं सगळं कळायला हवं होतं.

कारण प्रश्न ड्रोनचा नव्हताच. प्रश्न त्याच्या उजव्या हाताचा होता.

गुरुनाथने एकतीस वर्षं औषधांच्या एका रिसर्च लॅबमध्ये काम केलं. सुरुवातीचा काळ यंत्रांनी थेंब मोजायच्या आधीचा. त्याचा हात तिथे प्रसिद्ध होता. काचेच्या नळीची तोटी फिरवून अर्धा थेंब सोडायचा म्हटला की तो अर्धाच सोडायचा. नवीन पोरांना ते बघायला बोलावत असत. हे सगळं मला त्याच्याकडूनच कळलंय, पण घरात मी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. चार कपांत चहा ओतला तर चारही कपांत सारखा. दिवाळीला चकल्या पाडायचं काम कायम त्याचं. सोऱ्या हातात घेतला की चार वेढ्यांची चकली, टोक आत दाबलेलं, एकही तुटलेली नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका माझ्या चकलीची तारीफ करायच्या आणि मी ती गपचूप घ्यायचे.

गेल्या दिवाळीत चकल्या वाकड्या आल्या. तो म्हणाला, भाजणी चुकली. भाजणी मी केली होती आणि ती चुकली नव्हती.  मग चहाचा कप अर्धाच भरून घ्यायला लागला. शर्टाऐवजी टीशर्ट आले. सही करायची वेळ आली की आधी पेन दोन-तीनदा कागदावर आपटायचा, जणू दोष पेनचा आहे. जानेवारीत एकदा मी त्याचा हात धरून स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, थंडी आहे. थंडी होतीच, त्यामुळे मला वादही घालता आला नाही.

मी न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. ती त्याने मार्चमध्ये कॅन्सल केली. दुसरी घेतली, ती जुलैत कॅन्सल केली. मला सांगितलंसुद्धा नाही. डॉक्टरकडून मेसेज आला तेव्हा कळलं. मी भांडले, रडले, तीन दिवस अबोला धरला. अबोल्याचं त्याला काहीच वाटलं नाही, उलट शांतपणे ड्रोन उडवता आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आत आला तो एकदम खुशीत.

"बघितलंस? बरोबर मधोमध उतरवला."

"मग?"

"मग काय. हात बिघडलेल्या माणसाला जमेल का ते?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस रोज अंगणात स्वतःची परीक्षा घेत होता आणि स्वतःच तपासून पास करत होता. दहापैकी सहा वेळा ड्रोन कापडावर उतरला की डॉक्टरची गरज नाही. उरलेल्या चार वेळा वारा होता. आणि बटण दाबलं तर परीक्षाच झाली नाही, म्हणून बटण दाबायचं नाही. शास्त्रज्ञ माणूस. दुसऱ्या कुणी असा प्रयोग त्याच्या लॅबमध्ये केला असता तर त्याने त्याला दाराबाहेर काढलं असतं.

अनिकाला सांगावं तर तिच्यासमोर तो हात खिशात घालून उभा राहायचा. फोनवर ती म्हणायची, "आई, जस्ट लेट हिम लँड द थिंग. ही लव्ह्ज इट." मी म्हणायचे, हो बाई.

सप्टेंबरच्या शेवटी श्रीरामचा फोन आला. श्रीराम आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, पुण्याचा, आयटीतला, उत्साहाचा झरा. त्या वर्षी दसरा गुरुवारी येत होता. गुरुवारी सगळ्यांना ऑफिस, म्हणून भोंडला आणि सोनं वाटणं दोन्ही शनिवारी टाउनशिपच्या पार्कमध्ये ठेवलं होतं.

"काका, दीडशे बायका येतायत. मध्ये हत्ती, भोवती तीन फेर. वरून काय दिसेल यार. तुम्ही ड्रोन आणा ना, प्लीज. वेबसाइटवर तोच व्हिडिओ टाकतो."

गुरुनाथने फोन स्पीकरवर ठेवला होता. म्हणजे हातात धरायचा नव्हता. तो नियमांची यादी सांगायला लागला: माणसांच्या डोक्यावरून नेणार नाही, बाजूने आणि उंचावरून घेईन, उतरवायला वेगळी मोकळी जागा पाहिजे, मुलांना तिथे सोडायचं नाही. श्रीराम प्रत्येकाला "डन, काका" म्हणत होता. फोन ठेवल्यावर मी हात पुसत बाहेर आले.

"आपण एक ठरवू," मी म्हटलं. "तू शनिवारी सगळ्यांसमोर हाताने उतरव. नीट उतरवलास तर मी वर्षभर डॉक्टरचं नाव काढणार नाही. पण ते बटण दाबावं लागलं, तर पुढच्या मंगळवारची जी अपॉइंटमेंट मी घेतलीय, ती तू कॅन्सल करायची नाहीस."

"तू तिसरी अपॉइंटमेंट घेतलीस?"

"घेतली."

त्याने उजवा हात खिशात घातला. मग म्हणाला, "चालेल." इतक्या सहज म्हणाला की मलाच भीती वाटली. त्याने खरंच नीट उतरवला तर काय, हा विचार मी केलाच नव्हता. आता वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसावं लागणार, आणि तो हात माझ्या डोळ्यांदेखत थरथरत राहणार. स्वतःच्या हुशारीवर असा संताप मला फार कमी वेळा आलाय.

बुधवारी खंडेनवमी. मी दरवर्षी पाटावर घरातली हत्यारं मांडते. विळी, सुऱ्या, शिवणाचं मशीन, माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि रिटायर होताना लॅबने आठवण म्हणून दिलेली गुरुनाथची काचेची नळी. या वर्षी ड्रोनही मांडला. तो अंघोळीला गेला होता. मी सगळ्यांना हळदकुंकू लावत आले आणि ड्रोनपाशी अडले. पाठीवर नुसतं प्लास्टिक, तिथे लावून काय करायचं. उलटा करून बघितला तर पोटाखाली दोन छोट्या गोल काचा, अगदी डोळ्यांसारख्या. मला बरं वाटलं. यंत्राला तोंड आहे म्हटल्यावर कुठे लावायचं ते कळलं. कुंकू कोरडं गळून पडतं, म्हणून मी ते तेलाच्या दोन थेंबांत कालवलं आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक छान ठसठशीत बोट टेकवलं. वर अक्षता टाकल्या आणि हात जोडले. काय मागितलं ते सांगत नाही, पण मंगळवार त्यात होता.

शनिवारी ऊन होतं आणि वारा होता. पार्कच्या एका बाजूला मंडळाने टेबलं लावली होती. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून आम्ही रेडबड नावाच्या झाडाची बदामासारखी पानं सोनं म्हणून वाटतो. त्यांचा ढीग एका टोपलीत होता. मुलांनी रंगवलेला पुठ्ठ्याचा हत्ती मधे पाटावर उभा केला होता आणि तो वाऱ्याने सारखा पडत होता. गुरुनाथने फुटबॉलच्या मैदानात, आमच्यापासून लांब, नारिंगी कापड अंथरलं आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. श्रीराम त्याच्या शेजारी उभा राहिला. मी फेरात गेले.

फेरात असलं की गंमत अशी असते की तुम्ही सारखे फिरत असता. त्यामुळे मला माझा नवरा तुकड्यातुकड्यांत दिसत होता. एक फेरा आला की मैदान समोर: ड्रोन उंच, गुरुनाथ मान वर करून उभा. मग मैदान पाठीमागे गेलं, समोर टेबलं, टोपली. पुन्हा मैदान: श्रीराम स्क्रीनमध्ये डोकं घालून म्हणतोय, "काका, एक नंबर." गाणं चाललं होतं आणि मीही म्हणत होते, पण कुठलं कडवं चाललंय ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुढच्या वेळी मैदान आलं तेव्हा ड्रोन खाली येत होता. कापडाच्या वर पुरुषभर उंचीवर थांबला, मग वाऱ्याने आमच्या बाजूला ढकलला, मग परत गेला. मैदान मागे गेलं. पुन्हा आलं तेव्हा तो कापडापासून दहा फूट लांब होता आणि हिंदकळत होता. गुरुनाथची कोपरं अंगाला घट्ट चिकटली होती. हात स्थिर ठेवायला तो असं करतो, मला माहीत आहे.  मैदान पुन्हा मागे गेलं, आणि मी दोन्हीकडच्या बायकांचे हात सोडून फेरातून बाहेर पडले.

मी जवळ जाईपर्यंत त्याने आणखी दोनदा प्रयत्न केला. त्याचा उजवा अंगठा मला स्पष्ट दिसला. त्या छोट्या दांडीवर तो ठेवला होता आणि दांडी अंगठ्याबरोबर थरथरत होती, आणि वर तो ड्रोन तसाच थरथरत होता. इतके महिने मी ओरडून सांगत होते ते हेच. पण ते सगळ्यांना दिसेल असं चार हात उंचीवर टांगलेलं मला बघवेना. मला वाटलं, देवा, उतरू दे याचा हा. एकदा उतरू दे, मी वर्षभर गप्प बसते.

तेवढ्यात टुक टुक आवाज सुरू झाला.

तो आवाज मी फक्त एकदाच ऐकला होता, अनिकाने दाखवलं त्या दिवशी. गुरुनाथने बटण दाबलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ड्रोन सरळ वर गेला, उंच, झाडांच्याही वर. मग शांतपणे आमच्या डोक्यावर आला आणि खाली यायला लागला. श्रीराम म्हणाला, "अरे वा, ऑटो. बेस्ट आहे, काका, हे."  मी जिंकले होते आणि मला कुठेतरी जाऊन बसावंसं वाटत होतं.

ड्रोन कापडाच्या वर आला, कमरेएवढ्या उंचीपर्यंत उतरला आणि थांबला. मग थोडा वर गेला. मग पुन्हा खाली, पुन्हा थांबला. रिमोटचा आवाज बदलला.

"काय झालं?" मी विचारलं.

श्रीरामने स्क्रीन वाचली. "खालचे सेन्सर ब्लॉक्ड म्हणतोय. जमीन दिसत नाहीये त्याला. लँड मॅन्युअली, हाताने उतरवा म्हणतोय."

खालचे सेन्सर. पोटाखालचे. मला ते दोन डोळे आठवले, आणि तेलात कालवलेलं कुंकू, आणि माझं बोट.  ही जी मी चार महिने बटण दाब, बटण दाब म्हणून घसा कोरडा करत होते, तिनेच त्या बटणाचे डोळे लिंपून ठेवले होते. ज्या दिवशी त्याने माझं ऐकलं त्याच दिवशी.

ड्रोन वाऱ्याने सरकायला लागला. हळूहळू, पण आमच्या फेराच्या दिशेने. फेर चालूच होता. बाहेरच्या फेरात लहान मुली होत्या, परकर-पोलक्यातल्या, त्यांचं लक्ष हत्तीकडे होतं. रिमोट बोंबलत होता. बॅटरी चौदा टक्के. श्रीराम फेराकडे पळाला, हात हलवत, सगळ्यांना मागे व्हायला सांगत.

गुरुनाथने अंगठे दांड्यांवर ठेवले. डावा नीट होता. उजवा ठेवल्याबरोबर ड्रोन कमरेच्या उंचीवर वेडावाकडा उडायला लागला. त्याने अंगठा उचलला.

"सुवर्णा," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, मीठ दे म्हणावं तसा. "उजवी दांडी तू धर."

"मला येत नाही रे."

"मी सांगतो. इकडे ये, माझ्या बाजूने. ठेव अंगठा. आता मागे ओढ. हळू. खिचडी ढवळतेस तशी नको."

मी त्याच्या उजव्या हाताखालून हात घातला आणि अंगठा ठेवला. त्याचा हात माझ्या हाताच्या वर होता आणि तो माझ्या कातड्याला थरथरताना जाणवत होता. मी ओढलं. ड्रोन आमच्या दिशेने झपकन आला.

"हळू म्हटलं ना."

"हळूच ओढलं मी."

"तुझं हळू म्हणजे असं असतं. सोड. आता थोडं डावीकडे. अजून. बस. आता काही करू नकोस. काहीच करू नकोस, सुवर्णा, हे जमेल का तुला?"

मी काहीच केलं नाही. त्याने डाव्या अंगठ्याने दांडी सावकाश खाली ओढली आणि धरून ठेवली. ड्रोन कापडापासून सात-आठ फुटांवर गवतात टेकला, कलला, एक पातं मातीत घासून तुटलं आणि पंखे बंद झाले. मागे फेरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सगळं असंच असतं.

मी धावले. गुरुनाथच्या आधी पोचायचं होतं मला. ड्रोन उलटा केला. दोन्ही डोळे लालभडक, त्यात एक अक्षत चिकटलेली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुसायला लागले. खरं सांगते, त्या वेळी मला प्रामाणिकपणा वगैरे सुचला नाही. त्याला हे दिसलं की तो म्हणणार, बटण तुझ्यामुळे फसलं, परीक्षा बाद. मंगळवार गेला. डिसेंबर येईल, मार्च येईल, आणि तो हात मी बघत बसेन. तेलातलं कुंकू, ते पुसलं की आणखी पसरत होतं. सगळा पदर लाल झाला.

"राहू दे," तो मागून म्हणाला. "मला माहीत आहे."

मी वळले नाही. "काय माहीत आहे?"

"बुधवारी पूजेनंतर बॅगेत ठेवायच्या आधी चालू करून बघितला. तेव्हाच दाखवलं त्याने, खालचं दिसत नाही म्हणून. उलटा केला तर तुझं कुंकू."

"मग पुसलं का नाहीस?"

तो माझ्या शेजारी गवतात बसला, गुडघा धरून, सावकाश. "पूजेचं होतं. आणि म्हटलं, लागतंय कशाला? बटण थोडंच दाबणार आहे मी."

वाऱ्याने नारिंगी कापडाचा एक कोपरा दगडाखालून सुटला आणि फडफडायला लागला.  मला त्याच्यावर इतका राग आला होता की मी त्याच्या अंगावर तो ड्रोन फेकला असता, आणि तेवढाच स्वतःवर. ड्रोन भरकटला तेव्हा त्या मुली त्याच्यापासून फार तर पंधरा फुटांवर होत्या.

"आता तू म्हणशील, कुंकवामुळे फसलं," मी म्हटलं. "ठरलं होतं ते बाद म्हणशील."

"बटण मी दाबलं, सुवर्णा," गुरुनाथ म्हणाला. "कुंकू त्याच्या नंतर आडवं आलं."

त्याने खिशातून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला गेला, ते उघडेना. बाटली आणि रुमाल दोन्ही त्याने माझ्याकडे दिले. असं त्याने वर्षभरात एकदाही केलं नव्हतं. कुणी बघत असलं तर तो बाटली खाली ठेवून विषय बदलायचा. मी रुमाल ओला केला आणि एकेक काच स्वच्छ केली, आणि त्याने आपला उजवा हात मांडीवर उघडा ठेवला, कशाखाली लपवला नाही. तो थरथरत होता. मी त्याच्याकडे बघितलं तरी त्याने तो हलवला नाही.

"मंगळवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

"पावणेदहा."

श्रीराम परत आला, दोन्ही हातांत पानं घेऊन, आणि आधी त्याला मग मला सोनं देऊन वाकला. "काका, काकू, सॉलिड टीमवर्क," तो म्हणाला. गुरुनाथ म्हणाला, हिला खिचडी ढवळायची सवय आहे. श्रीराम हसला, त्याला काही कळलं नव्हतं आणि आम्ही सांगितलंही नाही.

निघताना पार्किंगमध्ये गुरुनाथने ड्रोनची बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि न विचारता उजव्या बाजूच्या, इथे ड्रायव्हरशेजारच्या, दारापाशी जाऊन उभा राहिला. आम्ही दोघं बरोबर असताना मी गाडी चालवली असं गेल्या तीस वर्षांत झालं नव्हतं. मी किल्ली घेतली, बसले, आरसा माझ्या उंचीला लावला. गाडी रस्त्याला लागली.

पहिल्याच सिग्नलला तो म्हणाला, "ब्रेक उशिरा मारतेस." दुसऱ्याला म्हणाला, "आता लेन बदल. इंडिकेटर दे. दिलास का?" एरवी मी गाडी तिथेच थांबवून त्याला उतरायला सांगितलं असतं. मी इंडिकेटर दिला, लेन बदलली आणि म्हटलं, "बोल, पुढे कुठे वळू?"

एवढी वर्षं ज्या घरात राहतो त्या घराचा रस्ता त्याने मला एकेक वळण करत सांगितला. मी ऐकत गेले.